पलाहनाने पोचवलेले निरोप

पलाहनाच्या नावावर सबंध कॅनडात वीतभर जमीन नव्हती. सरकार त्या काळी चौरस मैलाची चौथाई, म्हणजे एकशेसाठ एकर जमीन, फुकट द्यायचं, पण ती पुरुषाला, नाहीतर पदरी लहान पोरं असलेल्या विधवेला. पलाहना विधवा होती, पण पोरं नव्हती. "म्हणजे सरकारच्या मते मी धड विधवासुद्धा नाही," असं ती सांगायची, आणि सांगताना अशी हसायची की ऐकणाऱ्याला वाटावं, फजिती सरकारचीच झाली.

जमीन होती तिच्या दोन भावांची. थोरला हाव्रिलो, साठीला टेकलेला, बायको मागे समुद्रापारच्या गावीच वारलेली. धाकटा ओनुफ्री, पन्नाशीचा, लग्नाचा विचार करता करता म्हातारा झालेला. मधली पलाहना. तिघं एकाच बोटीने आले आणि दोघा भावांनी लागून लागून दोन चौथाया घेतल्या. कायदा असा होता, की ज्याने त्याने तीन वर्षं, वर्षातले निदान सहा महिने, आपापल्या जमिनीवर घर करून राहायचं, तीस एकर नांगराखाली आणायचे, मग सरकारी माणूस येऊन बघणार आणि मालकीचा कागद मिळणार. आता दोन घरं म्हणजे दोन छपरं, दोन भट्ट्या आणि दुप्पट घाम. घामाशी दोघा भावांचं लहानपणापासून वाकडं. त्यांनी डोकं चालवलं आणि दोन चौथायांच्या शिवेवर एकच घर उभं केलं. पूर्वेचं अर्धं हाव्रिलोच्या जमिनीत, त्याची खाट तिकडच्या भिंतीला. पश्चिमेचं अर्धं ओनुफ्रीचं, त्याची खाट इकडे. मधोमध मातीची मोठी भट्टी. तिचं तोंड ओनुफ्रीकडे, पाठ हाव्रिलोकडे, आणि वर पलाहनाचं अंथरूण.

दोघं भाऊ मनाने सोन्यासारखे. पण काम करण्यापेक्षा कामाबद्दल बोलायची त्यांना भारी हौस. गवत कधी कापावं यावर ते अशी चर्चा करत की ऐकता ऐकता गवत पिवळं पडायचं. सगळ्या वस्तीची गवतं जुलैत गंजीला लागत, ह्यांची सप्टेंबरात वाऱ्यावर डुलत असत. पहिल्या हिवाळ्यात फेब्रुवारीतच लाकडं संपली आणि एक बाक जाळावं लागलं. दुसऱ्या हिवाळ्यात कोंबड्यांचं खुराडं गेलं आणि कोंबड्या दोन महिने घरात, हाव्रिलोच्या खाटेखाली राहिल्या. त्या वर्षी भिंतीच्या फटींतून इतका वारा यायचा की पलाहना म्हणायची, "दार कशाला उघडता? भिंतीतूनच या."

तिसऱ्या वर्षीचा हिवाळा तोंडावर आला आणि घरात भांडण झालं. कारण काय, तर हिवाळाच.

हाव्रिलोने पाणथळीत पाहिलं होतं, की पाणउंदरांनी आपली घरं नेहमीपेक्षा हातभर उंच बांधायला घेतली आहेत. म्हणजे हिवाळा कडक. ओनुफ्रीने त्याच आठवड्यात हंस खाल्ला होता आणि त्याच्या छातीचं हाड पांढरंशुभ्र निघालं होतं. म्हणजे हिवाळा सौम्य.

"उंदराला कळतं, तुला कळत नाही," हाव्रिलो म्हणाला.

"तो उंदीर जिवंत आहे म्हणून चुकू शकतो. माझा हंस मेलाय. मेलेला खोटं कशाला बोलेल?"

"हाड चघळत बस तू. फेब्रुवारीत येशील माझ्याकडे, दादा, जरा सरक, म्हणत."

"मी? तुझ्याकडे? भट्टीचं तोंड कुणाच्या जमिनीत आहे? जाळ मी घालतो, पाठ तू शेकतोस!"

"आणि तळघर कुणाकडे आहे? बटाटे कुणाच्या जमिनीखालचे खातोस?"

शब्दाने शब्द वाढला. शेवटी हाव्रिलो उठला, भिंतींना लावायची पांढरी माती एका वाटीत कालवली, कुंचला बुडवला, आणि गुडघा धरून कण्हत कण्हत घराच्या ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जमिनीवर रेघ ओढली. भट्टीपाशी आला तेव्हा क्षणभर थांबला, मग रेघ भट्टीवर चढवून पलीकडे उतरवली. "तिकडे तू, इकडे मी," तो म्हणाला. "आजपासून बोलणं बंद."

"बंद तर बंद. पण दार माझ्या बाजूला आहे, एवढं ध्यानात ठेव."

हाव्रिलोने दाराकडे पाहिलं, मग आपल्या बाजूच्या खिडकीकडे पाहिलं. तो मानी माणूस होता. त्याने खिडकी उघडली आणि तिच्यातून बाहेर पडायला लागला. अर्धा बाहेर गेला आणि अडकला. पलाहनाने मागून ढकललं.

पलाहना त्या दिवशी दिवसभर गप्प होती. भावांना वाटलं, तिला वाईट वाटतंय. ती मनात मोजणी करत होती. पॉप्लरचं रान ओनुफ्रीच्या चौथाईत. गवताची पाणथळ हाव्रिलोच्या. विहीर हाव्रिलोची, गोठा ओनुफ्रीचा, गाय आणि बैल दोघांच्या सामाईक. म्हणजे एकाला गवत पाहिजे, दुसऱ्याला लाकूड, आणि दोघं एकमेकांशी बोलणार नाहीत. बोलणार कुणामार्फत? संध्याकाळी बीटाचं सार वाढताना तिच्या तोंडावर असं काही हसू आलं की ओनुफ्रीने विचारलं, "ताई, काय झालं?"

"काही नाही रे. सारात मीठ बरोबर पडलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती भाकरी, कांदा आणि डुकराची खारवलेली चरबी घेऊन रानात गेली. ओनुफ्रीने सकाळपासून चार झाडं पाडली होती आणि चौथ्याच्या बुंध्यावर बसून चिलीम ओढत होता.

"दादा काय करतोय?" त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"दादाची दुसरी गंजी चाललीय."

"दुसरी? एका दिवसात?"

"मला काय कळतं त्यातलं. दोन ढीग दिसले बाई." हाव्रिलो त्या वेळी पहिल्या ढिगावर आडवा होऊन ढगांकडे बघत होता. "तुझी चौकशी करत होता."

"काय म्हणाला?"

"जाऊ दे."

"ताई, सांग ना!"

"मला मेलीला मधे घेऊ नका. म्हणाला, ओनुफ्रीला कुऱ्हाड कुठल्या बाजूने धरायची ते आठवतंय का बघून ये. आठवत नसेल तर मी येऊन दाखवतो."

ओनुफ्रीने चिलीम बुटावर आपटून विझवली. पलाहना रानाच्या कडेला पोचेपर्यंत मागून कुऱ्हाडीचा आवाज यायला लागला होता, आणि तो बराच रागीट होता.

तिथून ती पाणथळीकडे गेली. हाव्रिलो ढिगावरून उठून बसला.

"लाकडं तोडतोय का बसलाय?"

"ओनुफ्री? अरे दादा, रान भुईसपाट करतोय तो. मला वाटतं, वेड लागलंय."

"माझं काही बोलला?"

पलाहनाने डोक्याच्या रुमालाच्या टोकाने तोंड पुसलं, इकडे तिकडे पाहिलं, आणि जड आवाजात म्हणाली, "म्हणाला, दादाचा गुडघा गेला आता. त्याने आपलं खिडकीतून आत-बाहेर करावं. त्या वयात तेवढी मेहनत पुष्कळ."

हाव्रिलो ढिगावरून खाली उतरला. लांब दांड्याचा विळा उचलला, दगडावर दोनदा घासला आणि गवतात असा शिरला की बेडकांची पळापळ झाली.

असं रोजचं सुरू झालं. दुपारी पलाहना दोन फडकी बांधून निघायची, एकात जेवण, दुसऱ्यात जेवण, आणि निरोप पोटात. हाव्रिलो म्हणाला, "सांग त्याला, लाकडं ओली आहेत, सुकवून रच," की ओनुफ्रीला ऐकू यायचं, "दादा म्हणतो, एवढुशा लाकडांत तुझा चहासुद्धा उकळणार नाही." ओनुफ्री म्हणाला, "गंजीला वरून फांद्या घाल म्हणावं, वारा उडवेल," की हाव्रिलोकडे पोचायचं, "ओनुफ्री म्हणतो, ती गंजी आहे का कोंबडीचं घरटं?" एक एक निरोप ती चालता चालता रचायची, जीभ दातांत धरून, आणि चांगला जमला तर वाटेत एकटीच खो खो हसायची. व्यवहार तिनेच ठरवून दिला: गवताच्या एका गाडीला लाकडाची एक गाडी, रेघेवर आणून टाकायची. दोघांनाही दुसऱ्यापुढे कमी पडायचं नव्हतं. ओनुफ्रीने दोन माणसांचं लाकूड तोडलं, मग दादाला दाखवायला आणखी एका माणसाचं. हाव्रिलोच्या गंज्या तीन झाल्या, मग चार, मग तो पाचवीच्या मुळाशी फांद्या अंथरायला लागला.

पलाहना स्वतः बसून होती असं नाही. शेण, माती आणि कापलेला कडबा एका खड्ड्यात घालून तिने गुडघ्यापर्यंत पाय बुडवून तुडवला आणि घराच्या चारी भिंती आतून-बाहेरून लिंपल्या. भिंतीच्या पायथ्याला हातभर उंच मातीचा ओटा घातला, म्हणजे खालून थंडी शिरू नये. अळंब्या दोऱ्यात ओवून भट्टीवर टांगल्या. रानातली लाल आंबट फळं झुबक्यांनी माळ्यावर पसरली. गाजरं वाळूत पुरली. कोबी किसायच्या दिवशी तिने दोन पिंपं मांडली, रेघेच्या एकीकडे एक आणि दुसरीकडे एक, आणि भाऊ ऐकतील अशा आवाजात स्वतःशी बोलली, "ह्या पिंपाला वेगळा दगड लागेल बाई, वजनाला. कोण आणेल कुणास ठाऊक." संध्याकाळपर्यंत दोन दगड आले. ओनुफ्रीचा थोडा मोठा होता. दुसऱ्या दिवशी हाव्रिलोने आणखी मोठा आणला, बैलाकडून ओढवून. तो कोबीच्या पिंपात मावेना, तेव्हा विहिरीपाशी बसायला ठेवला.

शेजारच्या शेतावरची सेनिया एकदा अंडी उसनी मागायला आली. तिने पाच गंज्या पाहिल्या, घराच्या वळचणीपर्यंत रचलेलं लाकूड पाहिलं, छपरावर चढून नवी शाकारणी करणारा ओनुफ्री पाहिला, आणि तेवढ्यात खिडकीतून पाय बाहेर काढणारा हाव्रिलोही पाहिला.

"पलाहनामावशी, तुझ्या भावांना चावलं तरी काय?"

"अक्कल," पलाहना म्हणाली.

"आणि तो खिडकीतून का येतोय?"

"मोकळी हवा आवडते त्याला."

सेनियाचा ह्यावर विश्वास बसला नाही. तिचा नवरा तीन दिवस गवत कापतो कापतो म्हणत होता. जाताना ती वळून वळून बघत गेली.

सप्टेंबर संपता संपता बटाटे काढायला झाले आणि तेव्हाच पलाहनाच्या गमतीला जरा खडा लागला. ओनुफ्री छपरावर होता. तिने खालून गवताच्या पेंढ्या वर दिल्या, तर तो त्या न घेता म्हणाला, "ताई, दादाला एक सांगशील?"

"सांग की. सांगायलाच आहे मी."

"अस्वलाची चरबी आहे ना, त्या रानात राहणाऱ्या इथल्या आदिवासी म्हाताऱ्याने मला दिलेली? ती गुडघ्याला लाव म्हणावं. मी दिली असं नको सांगू. नाहीतर सांग. तुला वाटेल तसं."

पलाहना पेंढी धरून उभी राहिली. "बरं," ती म्हणाली.

आणि त्याच संध्याकाळी विहिरीपाशी हाव्रिलो तिला म्हणाला, "त्या गाढवाला सांग, छपराच्या उत्तरेच्या कडेला पाय देऊ नको. तिथला वासा कुजलाय. पडला तर मला त्याच्या वाटणीचंही काम करावं लागेल." मग घसा खाकरून, "पडला तर बरं नाही," असं म्हणाला आणि बादली घेऊन निघून गेला.

वाशाचं तिने ताबडतोब सांगितलं. पण "दादा म्हणाला" असं सांगितलं नाही. मलाच दिसलं, म्हणाली. चरबीची डबी स्वतःच्या पेटीत ठेवली आणि हाव्रिलोच्या गुडघ्याला रात्री जेवणानंतर स्वतःच चोळली, कुणाची ते न सांगता. तिला माहीत होतं, हे दोन निरोप पोचले की रेघ पुसली जाणार, दोघं भट्टीपाशी बसून एकमेकांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडणार, आणि मग पंधरा दिवस त्या रडण्याबद्दल बोलत बसणार. बटाटे जमिनीत राहणार. दोन एकर बटाटे. "बटाटे आत येऊ देत," ती भट्टीवर पडल्या पडल्या स्वतःला म्हणाली. "बटाटे आले की सांगते." पण कूस बदलून बदलून तिला झोप लवकर लागली नाही.

बटाटे आले. मग बीट राहिलं होतं. बीट आलं, तर गहू दळायला न्यायचा होता, चार दिवसांची वाट. मग डुकराचं कुंपण. दर वेळी "हे एवढं झालं की" असं म्हणता म्हणता ऑक्टोबरातला पोक्रोवाचा सण दोन दिवसांवर आला, आणि त्या सकाळी एका घोड्याच्या गाडीतून सरकारी माणूस दारात उतरला.

उंच, लाल नाकाचा, कागदांची पिशवी छातीशी धरलेला. त्याच्याबरोबर दुभाषा म्हणून गावातला युस्तिन होता, ज्याला दोन्ही भाषा येत होत्या आणि दोन्हींत गप्प बसता येत नव्हतं. सरकारी माणूस घरात आला, रेघेवर उभा राहिला आणि खाली पाहू लागला.

"हे काय, असं विचारतायत साहेब," युस्तिन म्हणाला.

हाव्रिलो आपल्या खाटेवर, ओनुफ्री आपल्या. दोघांनीही पलाहनाकडे पाहिलं.

"ही शीव आहे," पलाहना म्हणाली. "तिकडे थोरल्याची जमीन, इकडे धाकट्याची. साहेबांना सांग, तीन वर्षं हा तिकडे झोपतो आणि हा इकडे. पाहिजे तर खाटांचे पाय मोजून घ्या म्हणावं."

साहेबांनी खरोखर मोजलं. मग बाहेर जाऊन शिवेच्या लोखंडी खुंट्या पाहिल्या, दोरी लावली आणि परत आले तेव्हा नाकाबरोबर कानही लाल झाले होते. युस्तिन म्हणाला, "साहेब म्हणतात, अशी दोन-चार घरं त्यांनी पाहिलीत शिवेवर बांधलेली. पण सगळीकडे लोक सांगतात एक आणि झोपतात भलतीकडे. इतकी प्रामाणिक रेघ त्यांनी आजवर पाहिली नाही."

आता साक्ष राहिली. प्रत्येकाच्या कामाबद्दल शेजाऱ्याने शपथेवर सांगायचं असतं, आणि शेजारी म्हणजे दुसरा भाऊ.

"हाव्रिलो, ओनुफ्रीने किती जमीन नांगराखाली आणली?" युस्तिनने विचारलं.

हाव्रिलोने छताकडे पाहिलं. सहा आठवडे त्याने भावाचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. "तीस पाहिजेत ना? चौतीस आहेत," तो म्हणाला. "आणि लाकूड बघा म्हणावं बाहेर. असं रचलेलं लाकूड ह्या मुलखात कुणाचं नाही. माणूस तोंडाने वाईट आहे. मी खिडकीतून आत-बाहेर करतो म्हणून मला हसतो. पण हाताने चांगला आहे."

"मी? मी कधी हसलो?" ओनुफ्री उठून उभा राहिला. "उलट तूच म्हणालास, मला कुऱ्हाड धरता येत नाही!"

"मी? ओनुफ्री, देवाशपथ! मी म्हणालो लाकडं सुकवून रच. तूच माझ्या गंजीला कोंबडीचं घरटं म्हणालास!"

"कोंबडीचं घरटं? मी कधी म्हणालो?"

"मग कोण म्हणालं?"

दोघं बहिणीकडे वळले. पलाहना भट्टीत वाकून राख काढत होती. भट्टीत त्या वेळी राख फारशी नव्हती, पण ती फार मन लावून काढत होती.

"पलाहना," हाव्रिलो म्हणाला.

"चहा टाकते मी साहेबांना."

"ताई!"

युस्तिनने सगळं साहेबांच्या कानात ओतलं, बहुधा पदरचं थोडं घालून. साहेब इतका वेळ सरकार होते, आता माणूस झाले. बाकावर बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग कागद पुढे ओढून विचारलं, ह्या बाईंचं घर कुठल्या बाजूला लिहायचं?

"मी भट्टीवर झोपते," पलाहना म्हणाली. "डोकं दादाच्या जमिनीत, पाय ओनुफ्रीच्या. साहेबांना म्हणावं, जिथे ऊब आहे तिथे लिहा."

साहेबांनी काय लिहिलं ते इंग्रजीत होतं. युस्तिननेही सांगितलं नाही.

गाडी दिसेनाशी झाली तशी पलाहनाने कोट चढवला आणि गाय पाहायला निघाली. दोघं भाऊ दारात आडवे उभे होते, दोघंही एकाच दारात. हाव्रिलो सहा आठवड्यांनी प्रथम तिथे उभा राहिला होता, आणि तेही लक्षात न येता.

"ओनुफ्री," हाव्रिलो म्हणाला, "आपल्या बहिणीला सांग, आजपासून तिने कशाला हात लावायचा नाही. फार दमलीय ती. नाताळपर्यंत भट्टीवर बसून राहायचं. स्वयंपाक आपण करू."

ओनुफ्री तिच्याकडे वळला. "ताई, दादा म्हणतो, तू जाडी झालीस. भट्टी खचेल."

"असं नाही म्हणाला तो!"

"मी आपला निरोप सांगतोय, जसा ऐकला तसा," ओनुफ्री डोळे मोठे करून म्हणाला. "मला मेल्याला मधे घेऊ नका."

मग सूड सुरू झाला. बाहेर सगळं तयार होतं, काम काही उरलं नव्हतं, आणि दोघा भावांना आयुष्यात प्रथमच एक धंदा मनापासून आवडला होता. ते तिच्याशी सरळ एक शब्द बोलत नसत. हाव्रिलो ओनुफ्रीला सांगे, ओनुफ्री तिला. "ताईला विचार, सार कसं झालंय?" याचं होई, "दादा विचारतोय, तू गेल्या जन्मी कोण होतीस, घुबड?" आणि सार! ओनुफ्री बीट सोलायचाच नाही. हाव्रिलोने कोबीच्या पानांत भात भरून गुंडाळ्या केल्या त्या दोऱ्याने बांधल्या आणि दोरा काढायला विसरला. बटाट्याचे कानोले पाण्यात टाकले की फुटायचे आणि वर सारवणाच्या पाण्यासारखं काहीतरी तरंगायचं, ओनुफ्री ते वाडग्यात घालून म्हणे, "ही नवीन पद्धत आहे." ती भट्टीवरून खाली पाय सोडायची, की दोघं मिळून परत वर ढकलायचे. पहिला आठवडा तिने हसून काढला. दुसऱ्या आठवड्यात ती कच्चा कांदा आणि भाकरीवर आली. तिसऱ्या आठवड्यात तिने भट्टीवरून हात जोडले.

"दादा, ओनुफ्री, मी चुकले. मला त्या सारापासून सोडवा."

"दादा, ताई काय म्हणतेय?"

"ऐकू आलं नाही बुवा."

"अरे थांबा!" ती म्हणाली, आणि तिचा आवाज जरा वेगळा निघाला, म्हणून दोघं थांबले. "दोन निरोप राहिलेत माझ्याकडे. ते आधी घ्या. मग काय करायचं ते करा." तिने पेटीतून डबी मागवली, ती अर्धी रिकामी होती. "दादा, ही चरबी ओनुफ्रीची. सप्टेंबरातच म्हणाला होता, दादाच्या गुडघ्याला दे. मी रोज लावली, पण कुणाची ते बोलले नाही. आणि ओनुफ्री, उत्तरेचा वासा कुजलाय हे मला दिसलं नव्हतं. दादाला दिसलं. म्हणाला, पडला तर बरं नाही."

ओनुफ्रीने तिच्या हातातली डबी घेतली. हाव्रिलो पळी घेऊन उभा होता, तिच्यातून सार जमिनीवर ठिबकत होतं.

"का नाही सांगितलंस?" ओनुफ्रीने विचारलं. ह्या वेळी सरळ तिलाच.

"बटाटे जमिनीत होते रे. आणि एक हिवाळा बाक जाळून काढला, दुसरा तुमच्या कोंबड्यांबरोबर. तिसरा नको वाटला." ती भट्टीच्या कडेला सरकली. "पण हे दोन तरी द्यायला हवे होते. बाकीच्यांचं मला काही वाटत नाही. ते फार छान जमले होते."

हाव्रिलोने पळी खाली ठेवली. त्याच्या तोंडावर राग यायचा की हसू, याचं नक्की होत नव्हतं. शेवटी त्याने गुडघा एकदा वाकवला, एकदा सरळ केला, आणि म्हणाला, "म्हणूनच बरा आहे. मला वाटलं खिडकीने बरा झाला." ओनुफ्री खाटेवर पालथा पडून हसायला लागला. पलाहना खाली उतरली आणि पहिलं काम काय केलं, तर सार डुकरापुढे ओतलं. डुकराने हुंगून बघितलं.

हिवाळा आला तो जानेवारीपर्यंत असा हलका, की ओनुफ्री दंड थोपटत फिरत होता. आणि मग हिवाळा बिथरला आणि एप्रिलपर्यंत हटला नाही. मार्चमध्ये सबंध वस्तीत गवताची काडी उरली नव्हती. लोक छपरांची शाकारणी ओढून गुरांना घालत होते. फक्त शिवेवरच्या ह्या घरामागे दोन पूर्ण गंज्या बर्फाखाली उभ्या होत्या. पहिली घसरगाडी घेऊन सेनिया आली. तिच्या दोन गायी उठेनाशा झाल्या होत्या. हाव्रिलोने विचारलंसुद्धा नाही, फावडं घेऊन गंजीवरचं बर्फ काढायला लागला, आणि ओनुफ्री दुसऱ्या बाजूने. त्या महिन्यात आठ घरांनी तिथून गवत नेलं. गाय एकही मेली नाही असं म्हणता येत नाही, पण ह्या आठ घरांतली नाही मेली.

गवत बांधून झाल्यावर सेनिया घरात ऊब घ्यायला आली. भट्टीपाशी बसली, पलाहनाने पुढे केलेला गरम कानोला खाल्ला, मग दुसरा, आणि हळूच म्हणाली, "मावशी, खरं सांग. तुझ्या भावांना कामाला कसं लावलंस? माझ्या ह्याचं काहीतरी करायला पाहिजे गं."

पलाहनाने भावांकडे पाहिलं. दोघं बाकावर बसून येत्या वर्षी गवत कधी कापावं याची चर्चा करत होते.

"तुझ्या नवऱ्याला भाऊ आहे का?" तिने विचारलं.

"दीर आहे की. पलीकडच्या शेतावर."

"मग खा निवांत," पलाहना म्हणाली, आणि तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "घाई नाही."